तलाव उतरवायचा, रिकामा करायचा नाही

(तालुक्याच्या बैठकीत आपल्या एका कार्यकर्तीनं केलेलं बोलणं. ज्या गावांतून कुणाला येता आलं नाही त्यांच्यासाठी टिपून छापत आहोत. गावात वाचून दाखवावं.)

सगळ्या आया-बायांना, बाप्यांना, गावपाटलांना, भुमियांना जोहार. आणि खालच्या टोल्यावरून आलेल्या ढिवर भावांना पण जोहार. ते आज पहिल्यांदाच आपल्या बैठकीला आले आहेत. भाऊ, मागं काहून बसले जी? समोर या. आज तुमच्याच कामाचं बोलणं आहे.

मला तलावावर बोलायला सांगितलं आहे. दर बैठकीला आपण जमिनीच्या दाव्यावर बोलतो. कुणाचा दावा फेटाळला, कुणाचा पंचनामा झाला नाही, कुणाला दोन एकर कसत असताना अर्ध्या एकराचा पट्टा आला. ते बोललंच पाहिजे. पण तलाव मधेच राहून जातो. तलाव म्हणजे सरकारचाच, असं आपण धरून चाललो आहोत.

यंदा चार-पाच गावांतून एकच खबर आली. तलावाचं पाणी सोडायचं आहे, गाळ काढायचा आहे, पाळ अन् तुडूम दुरुस्त करायचं आहे. एका गावात साहेब येऊन टेप लावून गेले. दुसऱ्या गावात कोऱ्या कागदावर सह्या मागितल्या, ठराव मागून लिहून घेऊ म्हणाले. कोऱ्या कागदावर सही नाही आणि अंगठाही नाही, हे आपल्याला पाठ आहे. ते मी पुन्हा सांगत नाही.

पण मग काही पोरं म्हणाली, कामच होऊ द्यायचं नाही. ठेकेदार येणार, पैसे खाणार, म्हणून तलावाला हातच लावू द्यायचा नाही. हे मला पटत नाही. तलावाची गत आपण रोज पाहतो. जिथं म्हाताऱ्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे हत्ती बुडेल एवढं पाणी होतं तिथं आता मार्चमध्ये म्हैस उभी राहते अन् तिची पाठ कोरडी असते. काठानं सगळी बेशरम. नाव बरोबर ठेवलं आहे तिचं, तोडली तरी उगवते. तुडूम जाम, पाळीला खेकड्यांची बिळं, शेवटच्या बांधीला रोवणीच्या वेळी पाणी पोचत नाही. काम पाहिजेच. ते कसं व्हावं आणि कुणाच्या शब्दानं व्हावं, एवढाच माझा विषय आहे.

थोडं मागचं सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळेल, अशी रीत होती म्हणतात. कोहळी लोक त्यात पटाईत. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावानं सांगतात. पुढं मालगुजार आले. तलाव त्यांच्या नावावर चढले, पण माती कुणी वाहिली? आपल्याच आज्या-पणज्यांनी, आणि त्यातली पुष्कळ वेठीनं. म्हणून मालगुजारीचे दिवस चांगले होते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. एक गोष्ट मात्र तेव्हा होती. उन्हाळ्यात पाळीवर माती पडत होती, कारण तलाव फुटला तर मालगुजाराचंही धान जाणार होतं. १९५० चा कायदा झाला, मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं गेले. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. मग मुंबई राज्य, मग १९६० ला महाराष्ट्र. कागद या कचेरीतून त्या कचेरीत फिरले. लहान तलाव जिल्हा परिषदेकडं, मोठे पाटबंधारे खात्याकडं. मासोळीचा लिलाव वेगळा, पाणी वेगळं, तलावाच्या वरचं जंगल वनखात्याचं. एकाच तलावाचे इतके मालक, अन् तुडूम जाम झालं तर विचारायला एकही नाही. नाव तेवढं राहिलं, माजी मालगुजारी तलाव. मामा तलाव. मामाचा असून भाच्याला पाणी नाही.

आता पाणी उतरवायचं बोलू. "उतरवायचं" म्हणते, "रिकामं करायचं" म्हणत नाही. या दोन्हींत फार फरक आहे.

एका गावाचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गावाचं नाव घेत नाही, ठेकेदाराचंही नाही. तुडूम उघडत नव्हतं, म्हणून मशीन आणलं आणि पाळच कापली. दोन दिवसांत तलाव कोरडा. खालच्या शेतात लाखोळी उभी होती, ती पाण्यात गेली. मासोळी चिखलात तडफडत होती, ज्याच्या हाताला आली त्यानं नेली. तीन गावची जनावरं त्या उन्हाळ्यात दुसऱ्या नाल्यावर न्यावी लागली. गाळ ट्रॅक्टरनं वीटभट्टीवर गेला. पाळीचं भगदाड सुटी माती टाकून बुजवलं, ना पाणी मारलं, ना दाबलं. श्रावणातल्या पावसात पाळ तिथूनच फुटली. रोवलेल्या बांध्यांवर रेती पसरली. दोन वर्षं त्या बांध्या पडीक होत्या. कागदावर ते काम पूर्ण झालेलं आहे.

पाळ मातीची असते. वर्षभर पाणी पिऊन तिचं पोट ओलं होतं, आणि समोरचं पाणीच तिला टेकू देऊन असतं. पाणी एकदम काढलं की टेकू जातो पण पोटातलं पाणी आतच राहतं. मग पाळीची आतली बाजू ढासळून खाली बसते. यासाठी इंजिनियर व्हावं लागत नाही. नदीचा पूर झटक्यानं उतरला की दरडी कशा कोसळतात ते आपण पाहतोच. म्हणून पाणी हळूहळू काढायचं. दिवसाला वीतभर, त्याहून जास्त नाही. तलावात एक बांबू रोवा, वीत वीत मोजून खुणा करा, रोज सकाळी शाळेतल्या पोरांना पाहायला लावा. पाळीला भेग दिसली की सोडणं थांबवायचं. आणि तुडूम जाम असेल तरी पाळ कापायची नाही. ऑइल इंजिन लावा, नाहीतर पाण्यानं भरलेला पाइप पाळीवरून खाली टाका, पाणी आपोआप वाहत राहतं. वेळ लागेल, लागू द्या. अर्धं पाणी उतरलं की तुडूमाचं तोंड उघडं पडतं, मग आत काय अडकलं आहे ते माणूस उतरून पाहू शकतो. आमच्या गावात तुडूमाची जागा एका म्हाताऱ्यालाच नक्की माहीत होती. नकाशात ती चुकीची होती.

सोडलेलं पाणी जाणार कुठं, हेही आधी ठरवा. लाखोळी, हरभरा उभा असताना बांध्यांत पाणी सोडलं तर पीक मेलं. ते निघू द्या. खाली बोडी असेल तर आधी ती भरून घ्या, उन्हाळ्यात जनावरांना होईल. आणि वरचा तलाव अन् खालची बोडी दोन्ही एकाच वर्षी उतरवू नका. पाऊस कमी झाला तर दोन्ही हातचे जातील.

किती उतरवायचं? माझं म्हणणं, खोलातल्या भागात पुरुषभर पाणी राहिलंच पाहिजे. डोह राहिला पाहिजे. हे मी मासोळीसाठी म्हणते तसंच बायांसाठी म्हणते. तलाव आटला की गावच्या विहिरी आटतात, हातपंप हवा ओकतो. मग दीड मैलावरून पाणी कोण आणतं? ठरावावर सही करणारा आणत नाही. म्हणून किती पाणी ठेवायचं हे ठरवायच्या सभेत बाया नसतील तर तो ठराव अर्धा आहे असं मी म्हणते. बाप्यांनी हसू नका.

आता मासोळीचं. हे मला ढिवर भावांनी शिकवलं, त्यामुळे कुठं चुकलं तर त्यांनी उठून सांगावं. पाणी कमी झालं की मासोळी एका जागी गोळा होते. मोठी काढता येते, जाळं रिकामं येत नाही. तळाचा चिखल उन्हात तडकला, सुकला की त्याचा कुजका वास जातो, आणि पुढच्या पावसात पाणी चांगलं राहतं. हा फायदा खरा आहे. पण त्याला अट आहे. मरळ, मागूर, शिंगूर ही आपल्या तलावाचीच मासोळी, ती इथंच अंडी घालते. पहिल्या पावसात गवतात, झिलाणीत चढते. डोहात आई-मासोळी उरली नाही तर आषाढात चढणार कोण? रोहू, कतला तलावाच्या उभ्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. त्यांचं बीज दर वर्षी विकत आणावं लागतं. सगळी मासोळी उपसली की सोसायटीनं बीज विकत घ्यायचं, दर वर्षी, कर्ज काढून. मरळ मात्र फुकट येत होती, ती गेली.

आणि एक. कमी पाणी उन्हानं तापतं, पहाटे मासोळी वर येऊन तोंड उघडते. तेव्हा कुणीतरी मोहाची ढेप टाकतो, नाहीतर शेतात मारायचं औषध टाकतो, एका रात्रीत टोपलंभर मिळते म्हणून. डोह लहान असला की विष लवकर चढतं. त्याच डोहावर जनावर पाणी पितं आणि आपली पोरं पोहतात. ज्या गावानं पाणी उतरवलं त्यानं रात्रीची राखण लावलीच पाहिजे. आळीपाळीनं, दोन-दोन माणसं.

बेशरम काढायची ती मुळासकट, आणि काढून पाळीवर टाकायची नाही. तिची कांडी ओलीला टेकली की पुन्हा फुटते. पाणी उतरल्यावर जो काठ कोरडा पडतो त्याच्याही वर, उंचावर नेऊन वाळवा, मग जाळा. मशीन फिरवलं की बेशरमीबरोबर कमळ, देवधान, पाण्यातलं गवत सगळंच जातं. त्या गवतातच मासोळीची पिल्लं वाढतात. म्हणून हे काम हातानं करायचं. कोणतं ठेवायचं, कोणतं काढायचं हे मशीनला कळत नाही, आपल्या बायांना कळतं.

गाळ किती खोल काढायचा त्यालाही मर्यादा आहे. काळा गाळ संपून खालची घट्ट चिकण माती लागली की थांबा. ती तलावाची कातडी आहे. ठेकेदाराला घनमीटरवर पैसे मिळतात, तो थांबणार नाही. ती कातडी फाडून मुरूम लागला की पुढच्या वर्षी तलाव भरतो आणि दिवाळीपर्यंत झिरपून जातो. पाळीच्या पायथ्याशी तर खणायचंच नाही, पंधरा-वीस पावलं सोडून खणा.

हा गाळ कुणाचा? इथं आपल्या संघटनेचं काम सुरू होतं. हलकी, मुरमाड जमीन कुणाची आहे? वरच्या अंगाला, जंगलाच्या काठानं ज्यांनी जमीन काढली त्यांची. आपलीच. गाळाची गरज तिथं सगळ्यात जास्त. आणि उद्या कुणी म्हणेल, सातबारा दाखवा अन् गाळ न्या. ज्याचा दावा अजून पडून आहे त्यानं काय दाखवायचं? म्हणून ठरावात आधीच लिहा: गावातला प्रत्येक कसणारा, पट्टा असो की दावा चालू असो, त्याला गाळ मिळेल, आणि गाडी-बैल नसलेल्याला पहिल्यांदा. गावाबाहेर एक टोपलंही जाणार नाही. काम रोजगार हमीतून मागा. जुने तलाव दुरुस्त करणं, गाळ काढणं ही कामं त्या कायद्याच्या यादीत आहेत. मजुरी आपल्याला, गाळ आपल्या शेताला. मागणीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर तिथंच बसा.

कायद्यात आपल्या हाताशी काय आहे ते थोडक्यात सांगते. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१) मध्ये जमिनीसोबत सामूहिक हक्क आहेत. त्यात निस्तार आहे, चराई आहे, आणि पाणवठ्यातले मासे व इतर उत्पन्न असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपलं सामूहिक जंगल राखायचा, त्याचा कारभार करायचा हक्क आहे. कलम ५ मध्ये पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखायचं काम ग्रामसभेला दिलं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं सामूहिक हक्क मिळवून दाखवला, २००९ मध्ये. आपल्यापैकी किती गावांनी नमुना ब भरला? हात वर करा. बरं. त्यात तलाव लिहिला किती जणांनी? ... पाहा.

तलाव वनजमिनीत नसेल, महसुली असेल, तर तलाठ्याकडून निस्तार पत्रक काढा. कोणत्या तलावावर कुणाचं पाणी, कुणाची चराई, ते त्यात नोंदलेलं असतं. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना १९९६ चा पेसा कायदाही आहे, लहान जलाशयांचं नियोजन आणि कारभार त्यात पंचायतींकडं दिलेला आहे. आपली सगळी गावं त्यात येत नाहीत, त्यामुळे आपलं गाव कुठं आहे ते आधी पाहा.

आता जरा अवघड बोलते. मागच्या महिन्यात आपलीच काही पोरं म्हणाली, वनहक्क आला, तलाव आता आदिवासींचा, ढिवरांना जाळं टाकू द्यायचं नाही. मी समजू शकते. लीज त्यांच्या सोसायटीच्या नावानं, आपण गळ टाकून बसलो तरी हटकलं, असे प्रसंग झाले आहेत. पण विचार करा. ढिवर आदिवासींच्या यादीत नाही. या कायद्यात त्याला इतर पारंपरिक वननिवासी म्हणून यावं लागतं, आणि तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतात. आपल्याला पुरावा मागितला तेव्हा किती राग आला होता! त्याला जमीन नाही. त्याचं शेत म्हणजे तो तलाव. आपण त्याला तलावातून काढलं तर वनखात्यानं आपल्याला जंगलातून काढलं त्याहून वेगळं काय केलं?

माझं सांगणं असं आहे. ढिवरांचा पुरावा आपल्या म्हाताऱ्यांनी द्यावा. "याचा आजा इथंच जाळं टाकत होता, मी पाहिलं आहे," असं ग्रामसभेत सांगावं, लिहून घ्यावं. ज्येष्ठांचं सांगणं हा या कायद्यात पुरावा धरला आहे. आणि ढिवर भावांनीही कबूल करावं की काठानं गळ टाकणाऱ्याला, टोपलीनं झिंगे धरणाऱ्या बाईला, घरच्या कालवणापुरतं कुणी अडवणार नाही. विकायची मासोळी सोसायटीची, खायची सगळ्यांची. पाणी उतरवायच्या वर्षी सोसायटीचं बीज तलावात असेल तर ते मोठं होऊन निघेपर्यंत थांबायचं. बीज टाकताना त्यांनी पैसे घातले आहेत. एकमेकांत हे ठरलं नाही तर ठेकेदाराला सोपं जातं. तो तुमच्याकडं येऊन ढिवरांचं सांगतो, ढिवरांकडं जाऊन तुमचं.

वेळेचं सांगून संपवते. होळीनंतर मोह पडायला लागला की बाया जंगलात, मे महिन्यात तेंदूपत्ता. त्या दिवसांत तलावावर माणूस मिळणार नाही, आणि मग "गावचे लोक कामाला येत नाहीत" असं लिहून मशीन आणतात. म्हणून लाखोळी निघाली की लगेच पाणी सोडायला लागा. बेशरम आणि तुडूम मोहाच्या आधी. गाळ मोह आणि तेंदूच्या मधे, जेवढा निघेल तेवढा. उरला तर पुढच्या वर्षी. तलाव एका उन्हाळ्यात भरला नाही, एका उन्हाळ्यात साफही होणार नाही. पाळीवरची माती मात्र मिरगाच्या आधी दाबून झालीच पाहिजे. थर थर टाकून, पाणी मारून, बैल फिरवून.

ज्या गावांत यंदा पाणी उतरवायचं आहे त्यांनी पुढच्या बैठकीला पाच माणसं पाठवा. एक ढिवर, एक शेवटच्या बांधीवाला, दोन बाया, आणि तुडूम कुठं आहे हे माहीत असलेलं एक म्हातारं माणूस. गावनकाशा आणि निस्तार पत्रकाची नक्कल आणा. नमुना ब भरला नसेल तर कोरा अर्ज इथं मिळेल, त्यात तलावाचं नाव आणि गट नंबर तिथंच बसून लिहू. ठरावाचा मसुदाही त्याच दिवशी करू. तोवर कुणी सह्या मागायला आलं तर त्याला सांगा, ग्रामसभा अजून बसायची आहे.

जोहार.